मुकिसाचं बाळसं

फाटकाशी बोडा थांबली आणि माझ्या लेकीच्या, अन्वीच्या, तोंडाशी नेलेला चमचा तसाच वाटीत टाकून मी धावले. आमच्याकडे कामाला असलेल्या नांगोबीच्या आधी. येणाऱ्या पोराची आई ती होती; धावले मी.

बोडा म्हणजे तिकडची भाड्याची मोटरसायकल. तिच्यावर एका अंगाला पाय सोडून जाजा बसली होती. जाजा म्हणजे आजी. नांगोबीची ती सासू, पण कॉलनीत सगळे तिला जाजाच म्हणत. तिच्या पाठीला फडक्यात बांधलेला मुकिसा. दीड वर्षाचा, नांगोबीचा पहिला. जाजाने गाठ सोडण्याचीही वाट न बघता मी वरूनच त्याचे गाल धरले.

“अगं बाई! नांगोबी, बघ तरी. गोळा झालाय नुसता!”

नांगोबी ओले हात झग्याला पुसत आली. घरात दिवसभर गप्प असणारी ती बाई त्या एका वाक्याने अशी उजळली, की मला स्वतःचाच राग आला. माझ्या लेकीबद्दल असं कुणी म्हणून किती महिने झाले होते!

“जाजाच्या हातची लापशी,” ती म्हणाली. “माझ्यापाशी काडी होता काडी.”

जाजा हसली नाही. बोडावाल्याला तिने खुणेने बजावलं, बारा वाजता परत ये. मग पोर घेऊन मागच्या व्हरांड्यात जाऊन बसली.

याला आता सात वर्षं झाली. युगांडाच्या पूर्वेला, बुसोगा भागात, एका साखर कारखान्याच्या कॉलनीत आम्ही होतो. माझा नवरा सन्मती तिथे लॅबमध्ये केमिस्ट. आम्ही शिरोळ तालुक्यातली माणसं. मळीचा वास तेवढा ओळखीचा, बाकी सगळं परकं. मला तिथे बसवत नसे. पाळणा हलवायचा, खिडकीशी जायचं, परत यायचं, अन्वीच्या छातीवर हात ठेवून बघायचं, परत खिडकीशी जायचं. अन्वी दहा महिन्यांची होती आणि तिच्या वजनाच्या कार्डावरची रेघ चार महिने झोपल्यासारखी आडवी पडली होती. माझं दूध आटत चाललं होतं. पातळ खिमट ती थुंकून टाकायची. आणि रोज संध्याकाळी फोनच्या पडद्यावर सासूबाई.

“मयुरा, पोरीच्या गळ्याची हाडं दिसाय लागल्यात बघ. उपाशी ठेवतीस काय गं तिला? आमचा सन्मती या वयात उचलत नव्हता, असा हुता.”

नांगोबी माझ्याकडे कामाला लागली तेव्हा मुकिसा तिच्या पाठीवरच असे. केर काढताना, कपडे धुताना. मध्येच ती पायरीवर बसून त्याला पुढे घ्यायची, पाजायची, परत पाठीवर टाकायची. तिकडे बाईला तिच्या मुलाच्या नावाने हाक मारतात. ती मला मामा अन्वी म्हणायची. मामा म्हणजे आई. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सन्मती दोन दिवस मला “काय मामा, जेवण झालं का?” म्हणून छळत होता. मोडकं इंग्रजी माझं, मोडकं इंग्रजी तिचं. पण दोघींचं मोडलेलं वेगवेगळ्या जागी होतं, त्यामुळे भागायचं.

त्या रविवारच्या तीन महिने आधी एका सकाळी ती मोकळ्या पाठीने आली.

“मुकिसा?”

“जाजाकडे गावाला. मला दिवस गेलेत.”

“मग त्याला का पाठवलंस?”

मला एवढंही कळत नाही, असं तिने माझ्याकडे पाहिलं. “आता दूध पोटातल्याचं. पाठीवरच्याने प्यायलं तर त्याला बाधतं. आणि मी समोर दिसले तर मागणारच ना?”

तशीच रीत होती. दिवस गेल्याचं कळलं, की त्याच दिवशी पोर अंगावरून तोडायचं आणि आजीकडे धाडायचं. पुढचे आठ दिवस नांगोबी छाती फडक्याने आवळून माझ्या घरातली फरशी पुसत होती, आणि फडकं ओलं होत होतं. एकाच घरात एकीला दूध नाही म्हणून रडू यायचं आणि दुसरीचं वाया जायचं.

मग एका रविवारी जाजा मुकिसाला घेऊन आली. पोराचे गाल फुगलेले, पावलं गुबगुबीत, केसांवर तांबूस झाक. मी फोटो काढून सासूबाईंना पाठवला. पाचव्या मिनिटाला फोन.

“ह्याला म्हणत्यात बाळसं! काय घालत्यात त्याला ते इच्यार, आन् आपल्या पोरीला घाल.”

मी विचारलं. जाजा त्याला कसावाच्या पिठाची पातळ लापशी द्यायची. कसावा म्हणजे ज्याचा साबुदाणा करतात तो कंद. वर भरपूर साखर आणि सकाळ-संध्याकाळ कोरा गोड चहा. साखरेला तिथे तोटा नव्हता. त्या दिवसापासून तीन आठवडे मी अन्वीला तेच भरवत होते. मी फाटकाकडे धावले त्या रविवारीही वाटीत तेच होतं.

अंघोळीची वेळ झाली. मागच्या व्हरांड्यात पाट मांडला, पाय लांब केले आणि अन्वीला नडगीवर पालथी घातली. माझ्या बाळंतपणात हौसाक्का मालिश करायला यायच्या. त्यांनी हात धरून शिकवलं होतं, तळपायापासून वर, अंगठा दाबून. तेल लागताच अन्वीने आकांत मांडला. लाथा, ओरडा, माझा चुडा ओढणं, सगळं यथासांग.

नांगोबी हसत होती. “ही भांडकुदळ होणार.”

“आणि तुझा बघ किती शहाणा,” मी म्हटलं. “आल्यापासून हूं नाही की चूं नाही.”

खरंच, मुकिसा जाजाच्या मांडीवर ठेवल्यासारखा बसला होता. एक माशी त्याच्या ओठावर येऊन बसली. त्याने ती हाकलली नाही.

“मामा अन्वी,” नांगोबी जरा लाजत म्हणाली, “त्यालाही घालाल तेल?”

जाजा काहीतरी पुटपुटली. नांगोबीने हसण्यावारी नेलं. “म्हणते, राहू दे, पोर दमलंय.” आणि तिने अन्वीला आत पाळण्यात ठेवून त्याला माझ्या पायांवर आणून ठेवलं.

मी तेल घेतलं आणि हौसाक्कांसारखाच तळव्यापासून सुरुवात केली. मग पावलावर अंगठा दाबला, उचलला.

खळगा तसाच राहिला.

ओल्या कणकेत बोट रुतवावं तसा. मी वाट बघितली. भरला नाही. दुसऱ्या पावलावर दाबून पाहिलं. तिथेही. नडगीवर दाबलं. तिथेही. माझे हात आपोआप पुढे सरकत होते. मांडीच्या मागे कातडीचा पापुद्रा निघाला, जुन्या भिंतीच्या रंगासारखा. डोक्यावर तेल चोळलं तर तळहातावर केस. ओढले नव्हते, नुसते आले होते. आणि पोर रडलं नाही. माझ्याकडे बघतही नव्हतं.

हे मला ठाऊक होतं. पुस्तकातून नव्हे, माझ्याच पायांवरून. नवव्या महिन्यात माझी पावलं अशीच टम्म झाली होती, आणि जयसिंगपूरच्या डॉक्टरीणबाईंनी असाच अंगठा दाबून म्हटलं होतं, “पाणी धरलंय.” तीन आठवडे मी ज्याला बाळसं समजून जळत होते, ते पाणी होतं.

मी मान वर केली. जाजा माझ्या अंगठ्याकडे बघत होती. तिने नजर काढून घेतली.

तिला ठाऊक होतं.

मी आत जाऊन सन्मतीला फोन लावला. गाळप चालू होतं, त्यामुळे तो रविवारीही लॅबमध्ये. मागे यंत्रांची घरघर.

“अगं, रविवार आहे. कंपनीचा दवाखाना बंद. उद्या दाखवू.”

“उद्या तो इथे नसेल. बारा वाजता म्हातारी त्याला परत नेणार. मग थेट पुढच्या रविवारी.”

“मग काय करणार? मयुरा, दुसऱ्याचं पोर आहे ते. तू मागच्या आठवड्यात म्हणालीस धट्टाकट्टा आहे, आज म्हणतेस आजारी आहे. उगीच...”

मी फोन ठेवला. साडेदहा वाजले होते. नांगोबीला स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लोटलं.

“मुकिसाला आज दवाखान्यात न्यायला हवं. ते बाळसं नाही. अंगात पाणी साठलंय.”

ती हसली. मग हसू जागच्या जागी थांबलं.

“तुम्हीच म्हणालात गोळा झालाय.”

“चुकले मी.”

“तुम्ही त्याचा फोटो तुमच्या सासूला पाठवलात.”

“चुकले.”

“तीन आठवडे तुम्ही त्याचं जेवण तुमच्या मुलीला घालताय.” तिचा आवाज चढत गेला. “तेव्हा तो चांगला होता. आज तुमची मुलगी अजून काडीच आहे, म्हणून माझा आजारी?”

ते लागलं. कारण त्यात थोडं खरं होतं. मी जाऊन पाळण्यातून अन्वीला उचलून आणलं आणि तिचं पाऊल नांगोबीच्या हातात दिलं.

“दाब.”

“कशाला?”

“दाब गं. जोरात.”

तिने दाबलं. अन्वी ओरडली. बोट उचललं तशी कातडी लगेच वर आली.

“आता जा आणि त्याचं दाबून ये.”

ती गेली नाही. तशीच उभी राहिली, माझ्या मुलीचं पाऊल हातात धरून. मग अगदी हळू म्हणाली, “ओब्वोसी. हेच म्हणताय ना तुम्ही?”

“ते काय असतं?”

“पोर अंगावर पीत असताना जिला दिवस जातात, तिच्या पोराला होतं ते. सुजतं, केस लाल होतात. सगळ्या गावाला कळतं की बाईला दम धरवला नाही.” तिने अन्वीचं पाऊल सोडलं. “तुम्ही तो शब्द बोललात, की लोक म्हणणार मीच त्याला बिघडवलं. आणि मी त्याला आजारी म्हटलं, की लोक म्हणणार जाजाने उपाशी ठेवलं. माझ्या नवऱ्याची आई आहे ती. मला तिच्याच घरात जायचंय.”

“आणि कुणीच बोललं नाही तर?”

ती बाहेर गेली. खिडकीतून मला दिसलं. तिने मुकिसाला मांडीवर घेतलं, पावलावर बोट ठेवलं, दाबलं. बराच वेळ ती त्या एका जागेकडे बघत राहिली. मग जाजाकडे वळून काहीतरी म्हणाली. पहिला शब्द हळू होता. तिसरा-चौथा नव्हता.

तिथली लुसोगा बोली मला येत नव्हती, पण सासू-सुनेचं भांडण कळायला भाषा लागत नाही. जाजा स्वतःच्या पोटावर हात मारून सुनेच्या पोटाकडे बोट करत होती. नांगोबी लापशीची रिकामी डबी पुढे करून हलवत होती. शेजारच्या घरांतल्या कामवाल्या बायका कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. दोघींच्या मध्ये मुकिसा, पाटावर ठेवलेल्या गाठोड्यासारखा. कुठल्याच आवाजाकडे मान वळवत नव्हता.

मग जाजाने त्याला उचललं, पाठीवर टाकलं आणि फडक्याची गाठ मारली. बारा वाजायचे होते, पण फाटकाशी बोडाचा हॉर्न वाजला. बोडावाला लवकरच आला होता.

नांगोबीने तिला अडवलं नाही. तोंड फिरवून भिंतीकडे बघत राहिली. पोर गावाला गेलं, की संपलं. हे मला कळत होतं, तिलाही कळत होतं, आणि मला वाटतं जाजालाही. पण तिघींतली कुणीच पहिलं पाऊल टाकू शकत नव्हती. ते टाकायचं तर एकीने दुसरीवर दोष टाकायला हवा होता.

मी अन्वीला कडेवर घेऊन धावले आणि जाजाच्या पुढ्यात मुरमावर गुडघे टेकले. तिकडे बायका वडीलधाऱ्यांपुढे अशाच गुडघ्यांवर येतात. मी कधी टेकले नव्हते. कॉलनीतली कुठलीच बाई टेकत नसे.

“नांगोबी, तिला सांग. मी बोलते ते सांग.” मला धाप लागली होती. “याला ओब्वोसी नाही झालेली. तुझ्या दुधाने काही झालं नाही, आणि तिच्या लापशीनेही नाही. माझी दृष्ट लागली त्याला.”

“काय लागलं?”

“डोळा. माझा डोळा. माझी मुलगी वाळलेली, तिचा नातू गुटगुटीत. मी त्याच्याकडे बघून जळले. तीन रविवार जळले. फोटो काढून नेला. हे माझ्यामुळे झालंय.”

नांगोबी माझ्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. मग ती बोलायला लागली. मी बोलले होते त्याच्या तिप्पट ती बोलली. कुंपणावरच्या बायकांचं कुजबुजणं थांबलं. दोघींनी पोरांना मागे ओढून घेतलं.

जाजाने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. माझ्या कडेवरची किरकिरी पोर पाहिली. मग एक लांब वाक्य उच्चारलं.

“म्हणते,” नांगोबीचा आवाज घोगरा झाला होता, “ज्याचा डोळा, त्यानेच पोराला उचलून न्यायचं. आणि बरं होईपर्यंत रोज त्याच्यासमोर यायचं. पळून जायचं नाही.”

“नेते.”

जाजाने गाठ सोडली आणि मुकिसा माझ्या हातात दिला. मग काही न विचारता माझ्या कडेवरची अन्वी काढून घेतली आणि तिला माझ्या पाठीला फडक्याने बांधलं, आवळून, पट्कन. एक बोडा होतीच, दुसरी बोलावली. एकीवर मी, पुढ्यात नांगोबीचं पोर, पाठीवर माझं. दुसरीवर त्या दोघी. नऊ किलोमीटर उसाच्या फडांमधून लाल धूळ. वाटेत दोनदा मी मुकिसाच्या नाकाशी बोट धरून पाहिलं.

मिशनचा दवाखाना रविवारीही उघडा असे. तिथे सिस्टर अपिओ होत्या. उंच, रुंद, चष्मा कपाळावर. त्यांनी पावलं दाबली, वजन केलं, पापणी उलटून पाहिली.

“किती दिवस झाले?”

आम्ही तिघी तीन दिशांना बघत उभ्या राहिलो.

“छान. अजून चार दिवसांनी आणला असता तर मला एवढंही काम पडलं नसतं.” त्यांनी परिचारिकेला पातळ औषधी दुधाचा पेला आणायला सांगितलं. “हा उपाशी नव्हता, नुसतं पोट भरलेलं आहे. पिठाने आणि साखरेने. अंग बांधायला काही मिळालंच नाही. म्हणून हे पाणी. दर दोन तासांनी एवढंच दूध, एक घोट जास्त नाही. प्रेमाने जास्त पाजलंत तर मारून टाकाल. कळलं?”

“वाचेल?” नांगोबीने विचारलं.

“आठवडा जाऊ दे, मग विचार.”

मग त्या माझ्याकडे वळल्या. पाठीवरची अन्वी सोडवून घेतली, तिच्या दंडाला घेर मोजायची रंगीत पट्टी गुंडाळली.

“मीही तीच लापशी दिली हिला. तीन आठवडे.”

“बारीक आहे. पण खणखणीत आहे, ऐकू येतंच आहे. लापशी बंद. डाळ, शेंगदाण्याचं कूट, केळं.” आणि ती पट्टी ठेवून दुसरी मोठी काढली. “आता तुमचा हात.”

“माझा?”

“तुमचा. आणि तुझाही गं, पोटुशी.”

त्यांनी आधी माझ्या दंडाला पट्टी लावली, मग नांगोबीच्या. दोन्ही वेळा तोंडाने च्च् केलं.

“सकाळपासून काय खाल्लंत?”

मला आठवेना. चहा. अन्वीने थुंकलेलं खिमट. नांगोबी म्हणाली, “चहा.” तिच्या वाटचं जेवण ती दर रविवारी जाजाबरोबर गावी पाठवायची, हे मला तिथे कळलं. माझ्या स्वयंपाकघरातून. माझ्या नाकाखालून.

“दोघी आया, आणि दोघी चहावर,” सिस्टर म्हणाल्या. “रोज एक अंडं.”

“आमच्यात अंडं खात नाहीत.”

“मग शेंगदाणे खा. देवाने पोत्याने ओतलाय या देशात शेंगदाणा. पण खा, बाई. सगळे पोराचं वजन विचारतात, तुमचं कोण विचारणार?”

एवढ्या महिन्यांत ते कुणी विचारलं नव्हतं. मी तिथेच, त्या तराजूशेजारी, भोकाड पसरलं. जाजाने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. तिला वाटलं असणार, पश्चात्ताप आहे.

मी रोज गेले. जाजाची अट होती, आणि अट नसती तरी गेले असते. अन्वीला पाठीला बांधायचं, डब्यात शेंगदाण्याचे लाडू घ्यायचे, बोडा धरायची. तिसऱ्या दिवशी मुकिसाने दूध घेणं बंद केलं आणि सिस्टरनी नाकातून नळी घातली. नांगोबी कॉटखाली चटईवर बसून होती. मी लाडू पुढे केला, तिने मान हलवली. मी म्हटलं, “सिस्टरना बोलवू?” तेव्हा तिने खाल्ला. चौथा दिवस तसाच गेला. पाचवा.

सहाव्या दिवशी मी वॉर्डच्या दारात पोचले तेव्हा आतून कुणीतरी कर्कश रडत होतं. मुकिसा. पेला संपला होता आणि त्याला अजून हवा होता. पाणी उतरलेलं. गाल गेलेले, हात काटक्यांसारखे, कातडी लोंबलेली. इतका कुरूप पोरगा मी पाहिला नव्हता. दोन्ही मुठींनी पेला धरून तो किंचाळत होता, आणि नांगोबी “नाही, सिस्टर मारेल, नाही” म्हणत रडत आणि हसत होती. शेजारच्या कॉटवरची बाईही हसत होती. जाजाने दोन्ही हात वर करून जीभ हलवत मोठ्याने आनंदाची आरोळी ठोकली आणि सिस्टर अपिओंनी तिला दटावून बाहेर काढलं.

त्या दुपारी आम्ही दोघी पायरीवर बसलो होतो. मला राहवेना.

“नांगोबी, ते डोळ्याचं... ते खरं नव्हतं गं.”

“माहीत आहे.”

“तेव्हाच माहीत होतं?”

“डोळ्याने केस लाल होत नाहीत, मामा अन्वी.” तिने लाडवाचा तुकडा तोडला. “जाजालाही माहीत आहे. तिने चार नातवंडं वाढवलीत, एक पुरलंय.”

“मग तिने मानलं कसं?”

“मानलं नाही. तिला मान खाली न घालता मागे फिरायला वाट हवी होती. मलाही.” तिने बोटांवरचं कूट चाटलं. “तुम्ही बोललात तेवढंच मी नाही सांगितलं. मी म्हटलं, या बाईने माझ्यापुढेही माफी मागितली, रडली, म्हणाली तुझ्या सासूने पोराला उत्तम सांभाळलं होतं. ते तिला ऐकायचं होतं.”

“आणि तुला काय ऐकायचं होतं?”

आत मुकिसाने परत सूर लावला होता. ती उठून गेली.

मुकिसा तीन आठवड्यांनी बरा होऊन बाहेर आला. मी बोलले ते मात्र गेलं नाही. कुंपणावरच्या बायकांनी ते उसाच्या फडांपर्यंत पोचवलं होतं. नळावर मी गेले, की गर्दी पातळ व्हायची. रस्त्यात समोरून येणारी बाई पाठीवरच्या पोराच्या तोंडावर फडकं ओढून घ्यायची. नांगोबी बाळंतपणाला गावी गेल्यावर तिच्या जागी कुणी कामाला येईना.

“काय पसरलंय ठाऊक आहे?” सन्मती एक दिवस लॅबमधून तणतणत आला. “चौगुले केमिस्टची बायको चेटकी आहे. लेबर हसतंय माझ्या तोंडावर.”

“हसू दे.”

“अगं, पण खरं काय झालं ते सांगून टाक की एकदा.”

“सांगितलं तर ते कुणावर जाऊन बसेल?”

रात्री त्यानेच शेंगदाणे भाजले आणि बशी माझ्यापुढे सरकवली. पण बाहेर मला सवय लागली. कुणाचं तान्हं दिसलं, की मान खाली. दुकानात, दवाखान्यात, सगळीकडे मी जमिनीकडे बघत चालायला शिकले. तान्ह्या पोरांकडे बघण्याची मला केवढी भूक होती, ते तेव्हा कळलं.

चार महिन्यांनी, एका शनिवारी, मी बाजारात भोपळा घेत होते. अन्वी आता धावत होती आणि माझं बोट सोडून पळत होती. माझ्याभोवती नेहमीसारखी हातभर मोकळी जागा. तेवढ्यात गर्दीतून नांगोबी येताना दिसली. पाठीला दहा-बारा दिवसांचं गाठोडं. मागे जाजा, आणि जाजाचं बोट धरून भाजलेलं कणीस कुरतडणारा, सडपातळ, खोडकर मुकिसा.

मी सवयीने मान खाली घातली.

ती सरळ माझ्यापुढे येऊन थांबली. बाजाराच्या मधोमध तिने पाठीची गाठ सोडली. तोंडावरचं फडकं काढलं. मुलगी होती. उन्हाने डोळे मिटून घेणारी. भोपळेवाली हातातला भोपळा तसाच धरून बघत राहिली. मागे कुणीतरी नांगोबीला दबक्या आवाजात हाक मारली. जाजाने मान वळवून अशी नजर टाकली, की दुसरी हाक आली नाही.

“धरा जरा, मामा अन्वी,” नांगोबी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “मला पीठ घ्यायचंय.”

“नांगोबी, सगळे बघतायत.”

“म्हणून तर. बघा तिच्याकडे.”

मी पाहिलं. लहानसं नाक, चुरगळलेलं कपाळ, माझ्या दंडावर पडलेली ऊबदार मान. मला वाटलं, कुणीतरी आत्ता येऊन माझ्या हातातून काढून घेईल.

नांगोबी दहा पावलांवरच्या पिठाच्या दुकानाशी गेली. दुकानदाराशी हुज्जत घालू लागली, पिठाची चिमूट तोंडात टाकून चव बघू लागली, हे नको ते दाखव म्हणू लागली. दोन किलो पिठाला इतका वेळ लागत नाही. ती पाठमोरीच उभी होती. एकदाही तिने वळून पाहिलं नाही.